लाय डिटेक्टर: खोटे पकडणारे यंत्र की भीती मोजणारे?

एखाद्या गाजलेल्या गुन्ह्याचा तपास अडखळला, की काही दिवसांतच एक बातमी हमखास झळकते: संशयिताची 'लाय डिटेक्टर' चाचणी होणार. वसईच्या तरुणीच्या दिल्लीत झालेल्या हत्येच्या तपासात २०२२ मध्ये ही बातमी आली. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या खुनानंतर २०२४ मध्येही ती आली. मग चौकाचौकांत, लोकलच्या डब्यात आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एकच चर्चा सुरू होते, की संशयित चाचणीत 'पास' झाला की 'नापास'. ताप आहे की नाही हे जसे तापमापक सांगतो, तसे माणूस खरे बोलतो की खोटे हे हे यंत्र सांगते, असा समज या चर्चेच्या मुळाशी असतो.

हा समज चुकीचा आहे. खोटे ओळखणारे यंत्र आजवर जगात कोठेही तयार झालेले नाही. ज्याला लाय डिटेक्टर म्हटले जाते ते यंत्र शरीराची चलबिचल नोंदवते. त्या चलबिचलीचे कारण खोटेपणा होते, भीती होती, संताप होता की केवळ अपमानाची भावना होती, हे यंत्राला कळत नाही. ते ठरवतो समोर बसलेला परीक्षक, म्हणजे एक माणूसच. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर या चाचणीचा उपयोग, तिच्या मर्यादा आणि कायद्याने तिला घातलेले निर्बंध या तिन्हींचा उलगडा होतो.

कल्पना जुनीच

खोटे बोलणाऱ्याचे शरीर त्याला दगा देते, ही समजूत फार प्राचीन आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात खोट्या वादी-प्रतिवादीची आणि साक्षीदाराची लक्षणे दिली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग बदलतो, घसा कोरडा पडून शब्द अडखळतात. धर्मशास्त्रांत सांगितलेल्या दिव्यांपैकी तांदळाचे दिव्य चोरीच्या आरोपासाठी असे. संशयिताने तांदूळ चावून थुंकायचे आणि त्यात रक्त दिसले की त्याला दोषी मानायचे. भीतीने तोंडाला कोरड पडली की कोरडे दाणे हिरड्यांना टोचणारच, असा त्यामागचा शारीरिक तर्क आज मांडता येतो. मराठेशाहीतही उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे 'रवादिव्य' होत असे. 'दिव्य करणे' हा शब्दप्रयोग मराठीत आजही टिकून आहे तो या प्रथेमुळेच.

विसाव्या शतकाने या जुन्या कल्पनेला यंत्राचे रूप दिले. इटालियन गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो याने १८९० च्या दशकातच संशयितांची नाडी आणि रक्ताभिसरणातील बदल मोजण्याचे प्रयोग केले होते. पुढे अमेरिकेत विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने रक्तदाबातील वाढीवरून खोटे ओळखण्याची पद्धत मांडली. हाच मार्स्टन १९४१ मध्ये 'वंडर वूमन' या चित्रकथेतील नायिकेचा जनक झाला. तिच्या हातातला, पकडलेल्याला खरे बोलायला लावणारा पाश त्याच्याच कल्पनेतला.

१९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन लार्सन या पोलिसाने श्वास आणि रक्तदाब यांची सलग नोंद घेणारे यंत्र तयार केले. शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला हा असामान्य पोलीस होता. विद्यार्थिनींच्या वसतिगृहातील चोऱ्यांच्या तपासात त्याने ते वापरले. त्याचा सहकारी लिओनार्ड कीलर याने यंत्र सुटसुटीत केले, त्वचेतील विद्युतवाहकतेच्या नोंदीची जोड दिली आणि त्याचा धंद्याच्या पातळीवर प्रसार केला. लार्सन मात्र पुढे मनोविकारतज्ज्ञ झाला आणि आपल्याच यंत्राच्या वापराचा कठोर टीकाकार बनला. जबाब उकळण्यासाठी धाकदपटशाचे साधन म्हणून त्याचा वापर होत असल्याचे त्याला दिसले होते.

यंत्र काय मोजते?

या यंत्राचे शास्त्रीय नाव 'पॉलिग्राफ'. ग्रीक मुळांतून आलेल्या या शब्दाचा अर्थ अनेक गोष्टींचे लेखन करणारे. चाचणी देणाऱ्या व्यक्तीला खुर्चीत बसवून छाती आणि पोट यांभोवती दोन लवचिक नळ्या बांधतात. त्यांच्यामुळे श्वासाची गती आणि खोली नोंदली जाते. दंडाला रक्तदाब मोजताना गुंडाळतात तसा पट्टा बांधतात. त्यावरून नाडीचे ठोके आणि रक्तदाबातील चढउतार कळतात. दोन बोटांना धातूच्या लहान पट्ट्या लावून त्यांतून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. घाम सुटला की त्वचेची विद्युतवाहकता वाढते. डोळ्यांना न दिसणारा घामही येथे पकडला जातो. पूर्वी हे सारे आलेख सरकत्या कागदावर शाईच्या टाकांनी उमटत, आता ते संगणकाच्या पडद्यावर दिसतात.

या सर्व क्रिया स्वायत्त चेतासंस्थेच्या ताब्यात असतात. संकटाची चाहूल लागताच तिचा अनुकंपी विभाग शरीराला लढण्यासाठी वा पळण्यासाठी सज्ज करतो. हृदय जोरात धडधडते, श्वास बदलतो, तळव्यांना घाम सुटतो. परीक्षेची प्रश्नपत्रिका हाती पडताना किंवा डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल उघडताना हेच घडते. केवळ खोटे बोलतानाच उमटेल आणि अन्य कोणत्याही वेळी उमटणार नाही, अशी एकही शारीरिक खूण विज्ञानाला सापडलेली नाही. लाय डिटेक्टरची सारी अडचण या एका वाक्यात सामावलेली आहे.

खरी कामगिरी प्रश्नांची

यंत्राला खोटे कळत नसेल, तर परीक्षक निष्कर्ष कसा काढतो? त्यासाठी प्रश्नांची विशिष्ट रचना केली जाते. चाचणीपूर्वी परीक्षक बराच वेळ संबंधित व्यक्तीशी बोलतो, प्रकृतीची चौकशी करतो आणि विचारले जाणारे सर्व प्रश्न आधीच वाचून दाखवतो. उत्तरे फक्त 'हो' किंवा 'नाही' अशी द्यायची असतात. शरीर पूर्ववत व्हावे म्हणून दोन प्रश्नांत थोडे अंतर ठेवले जाते आणि तीच प्रश्नमाला सहसा तीनदा विचारली जाते.

समजा, एका कार्यालयाच्या तिजोरीतून रक्कम चोरीला गेली आहे. 'आज सोमवार आहे का?' हा झाला निरुपद्रवी प्रश्न. 'तिजोरीतील पैसे तुम्ही घेतले का?' हा मुद्द्याचा प्रश्न. त्यांच्यामध्ये तिसऱ्या प्रकारचा प्रश्न पेरलेला असतो: 'तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या कोणाला तुम्ही आयुष्यात कधी फसवले आहे का?' याला तुलनेचा प्रश्न म्हणतात. जॉन रीड या अमेरिकी परीक्षकाने १९४७ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. बहुतेक माणसे याचे उत्तर 'नाही' असे देतात, पण मनातून साशंक असतात. निर्दोष माणूस या प्रश्नाने अधिक अस्वस्थ होईल आणि दोषी माणूस मुद्द्याच्या प्रश्नाने, असे गृहीत धरून दोन्ही वेळच्या आलेखांची तुलना केली जाते. निष्कर्षही 'पास' आणि 'नापास' असा नसतो. 'खोटेपणाची चिन्हे आढळली', 'आढळली नाहीत' किंवा 'निष्कर्ष काढता येत नाही' असे तीन पर्याय असतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तिसरा पर्याय क्वचितच उतरतो.

आणखी एक पद्धत अभ्यासकांना अधिक विश्वासार्ह वाटते. डेव्हिड लिकेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती १९५९ मध्ये मांडली. तीत 'तू गुन्हा केलास का?' असे विचारायचेच नसते. चोरीला गेलेला हार घरात कोठे ठेवलेला होता, या प्रश्नाचे कपाट, पिठाचा डबा, उशीखाली, देवघर आणि माळा असे पाच पर्याय एकेक करून वाचले जातात. निर्दोष माणसाला पाचही सारखेच. पिठाच्या डब्याच्या नावाने दचकेल तो चोरच. योगायोगाने योग्य पर्यायावर सर्वांत जास्त प्रतिक्रिया उमटण्याची शक्यता पाचात एक. पण अशा पाच स्वतंत्र प्रश्नांत प्रत्येक वेळी तसे घडण्याची शक्यता ३,१२५ मध्ये एक इतकी कमी होते. जपानमध्ये पोलीस ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. मात्र तिला एक अट आहे. गुन्ह्याचा तपशील गुन्हेगार आणि तपास अधिकारी यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक असता कामा नये. आपल्याकडे खुनाचे हत्यार, रक्ताचे डाग आणि पंचनाम्यातील बारकावे दुसऱ्याच दिवशी घरोघरी पोहोचतात. तेथे ही पद्धत सुरू होण्याआधीच निकामी होते.

खाई त्याला खवखवे?

'खाई त्याला खवखवे' ही मराठी म्हण म्हणजे पॉलिग्राफमागचा सिद्धान्तच. पण मराठीत 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' अशीही एक म्हण आहे. प्रत्यक्ष व्यवहारात या दोन्ही खऱ्या असतात. पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात प्रथमच चढलेला, नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागलेला निरपराध कारकून मुद्द्याच्या प्रश्नाला घामाघूम होऊ शकतो. उलट सराईत गुन्हेगाराला काहीच खवखवत नाही.

ऑल्ड्रिच एम्स हा अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतील अधिकारी १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. त्याने १९८६ आणि १९९१ अशा दोन वेळा पॉलिग्राफ चाचणी पार केली. तो पकडला गेला १९९४ मध्ये. त्या चाचण्यांसाठी कोणतीही जादू करावी लागली नव्हती. शांत झोप घेऊन जावे आणि परीक्षकाशी मोकळेपणाने वागावे, एवढाच सल्ला आपल्याला मिळाला होता, असे त्याने नंतर सांगितले. वॉशिंग्टन राज्यातील गॅरी रिजवे या मालिका खुन्याने १९८४ मध्ये चाचणी पार केल्याने त्याच्यावरचा संशय ओसरला. २००१ मध्ये डीएनएच्या पुराव्यावरून त्याला अटक झाली आणि २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली.

याची दुसरी बाजू अधिक क्लेशकारक आहे. कॅन्सास राज्यातील विचिटा शहरात १९८६ मध्ये एका विवाहितेचा घरात खून झाला. तिच्या पतीने पॉलिग्राफ चाचणी दिली. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा निष्कर्ष त्याच्याविरुद्ध गेला. पत्नी गमावल्यानंतर काही तासांत आपल्यावरच संशय घेतला जात असताना त्या माणसाच्या नाडीचे ठोके कसे असतील, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावा कधीच मिळाला नाही, पण गावाच्या नजरेतला संशय जवळजवळ १८ वर्षे टिकला. मुले त्या संशयाच्या छायेत वाढली. मार्च २००४ मध्ये स्थानिक वृत्तपत्राकडे एक पत्र आले. त्यात मृत महिलेची छायाचित्रे आणि तिच्या वाहन परवान्याची प्रत होती. पत्र पाठवणारा डेनिस रेडर हा अनेक वर्षे फरार असलेला मालिका खुनी होता. फेब्रुवारी २००५ मध्ये तो पकडला गेला. पती पहिल्या दिवसापासून खरेच बोलत होता.

संख्यांचे गणित

'चाचणी नव्वद टक्के अचूक आहे' असे सांगितले की ऐकणाऱ्याला ती जवळजवळ निर्दोष वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. शंभर कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात एकच चोर आहे आणि सर्वांची चाचणी घेतली, असे समजू. नव्वद टक्के अचूकता मान्य केली, तर तो चोर बहुधा सापडेल. पण उरलेल्या ९९ निरपराधांपैकी दहा टक्के, म्हणजे सुमारे दहा जण खोटे ठरतील. संशयितांच्या यादीत अकरा नावे येतील आणि त्यांतील दहा निर्दोष असतील.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत आणि त्यांतील आठ पकडायचे आहेत, असे धरले तर चाचणी एकूण १,६०६ जणांवर संशयाचे बोट ठेवील. त्यांतील १,५९८ निरपराध असतील आणि तरीही दोन हेर सुटतील. हा हिशेब करताना चाचणीची अचूकता उदारपणे धरली होती. परिषदेचा निष्कर्ष तोलूनमापून काढलेला होता. एका विशिष्ट घटनेबाबत प्रश्न विचारले असता, चाचणी चकवण्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या लोकांमध्ये पॉलिग्राफ खरे आणि खोटे यांत नाणेफेकीपेक्षा पुष्कळ चांगला भेद करतो, पण तो निर्दोषतेपासून बराच दूर आहे. कर्मचाऱ्यांची सरसकट छाननी करण्यासाठी तर तो पुरेसा विश्वासार्ह नाहीच.

अमेरिकेत न्यायालयांनी ही सावधगिरी फार लवकर दाखवली होती. १९२३ च्या फ्राय खटल्यात मार्स्टनची रक्तदाब चाचणी पुरावा म्हणून नाकारण्यात आली, कारण संबंधित शास्त्रांतील तज्ज्ञांनी ती सर्वसाधारणपणे मान्य केलेली नव्हती. खासगी मालकांना नोकरी देताना वा नोकरीच्या काळात अशी चाचणी घेण्यास १९८८ च्या कायद्याने काही अपवाद वगळता मनाई केली. सरकारी गुप्तचर खात्यांत मात्र तिचा वापर सुरूच राहिला.

मग पोलीस ती का घेतात?

यंत्र इतके बेभरवशाचे असेल तर जगभरचे तपास अधिकारी त्याला का चिकटून आहेत? याचे उत्तर यंत्रात नाही, यंत्रावरच्या विश्वासात आहे. खोटे पकडले जाणारच, असे वाटणारा माणूस पुष्कळदा चाचणीपूर्वीच्या गप्पांतच खरे सांगून मोकळा होतो. एडवर्ड जोन्स आणि हॅरोल्ड सिगल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की मनातले ओळखणारे म्हणून एखादे बनावट यंत्र जोडले तरी लोक एरवी लपवतात त्या गोष्टी अधिक प्रामाणिकपणे सांगू लागतात. तपासाची दिशा ठरवणे, अनेक संशयितांपैकी कोणाकडे आधी लक्ष द्यावे हे पाहणे, आणि ज्याची खातरजमा स्वतंत्रपणे करता येईल असा धागा मिळवणे, एवढ्यापुरता त्याचा उपयोग खरा आहे. धोका निर्माण होतो तो धाग्यालाच दोरखंड समजण्यात. आलेखाने कौल दिला की अधिकारी इतर शक्यता तपासायचे सोडतो. विचिटात हेच घडले आणि रिजवेच्या बाबतीत उलट दिशेने हेच घडले.

येथे एक गोंधळही दूर करायला हवा. पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग या तीन भिन्न गोष्टी आहेत. नार्को चाचणीत सोडियम पेंटोथालसारखे औषध शिरेतून देऊन माणसाला अर्धवट गुंगीत बोलते केले जाते. ब्रेन मॅपिंगमध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावून, गुन्ह्याशी संबंधित शब्द वा चित्रे समोर आल्यावर मेंदूतील विद्युतलहरी कशा बदलतात हे पाहिले जाते. पॉलिग्राफमध्ये औषध दिले जात नाही आणि मेंदूची नोंदही घेतली जात नाही. तिघींत समान असते ते एकच: माणसाच्या इच्छेला वळसा घालून त्याच्या मनात शिरण्याची धडपड.

भारतात कायदा काय म्हणतो?

भारतीय राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात स्पष्ट केले होते. मग पॉलिग्राफचा आलेख ठशासारखा मानायचा की साक्षीसारखा? हा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. तरीही चाचण्या सर्रास होत राहिल्या. बनावट मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्या घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात ब्रेन मॅपिंगच्या अहवालाचा आधार घेत जन्मठेप सुनावली, तेव्हा त्याची चर्चा परदेशातही झाली. त्या प्रकरणात पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला.

अखेर ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाल यांच्या पीठाने वाद मिटवला. संमतीशिवाय कोणाचीही पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी घेता येणार नाही. ठसा हा जड वस्तूसारखा असतो. पॉलिग्राफमधील प्रतिक्रिया मात्र त्या व्यक्तीच्या मनातील माहिती उघड करते. म्हणून ती सक्तीने मिळवणे हे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावण्यासारखेच आहे. कलम २१ ने दिलेल्या व्यक्तिस्वातंत्र्यात मनाचे खासगीपण येते, असेही न्यायालयाने म्हटले. संमतीने घेतलेल्या चाचणीचा अहवालही आपोआप पुरावा ठरत नाही. मात्र तिच्यातून मिळालेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्यापुरती ती माहिती पुराव्यात येऊ शकते. त्यासाठीची पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम २७ ची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. जून २०२५ मध्ये 'अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य' या नार्को चाचणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी निकालाचा पुनरुच्चार केला आणि स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा अहवालही शिक्षेचा एकमेव आधार होऊ शकत नाही, असे बजावले.

सामान्य नागरिकावर असा प्रसंग ओढवलाच, तर मानवी हक्क आयोगाच्या आणि सेल्वी निकालाने पाळण्यास सांगितलेल्या सूचना त्याला ठाऊक असायला हव्यात. चाचणी द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. तयारी दाखवली तर वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे, आणि चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम समजावून सांगितले गेले पाहिजेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवली जाते. पोलीस ठाण्यात कागदावर घेतलेली सही पुरत नाही. कोठडी किती दिवसांची होती आणि चौकशी कशी झाली, याचा विचार दंडाधिकाऱ्याने करायचा असतो. चाचणीत सांगितलेल्या गोष्टींना दंडाधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबाचा दर्जा नसतो, तर पोलिसांपुढील जबाबाचा असतो. प्रत्यक्ष चाचणी स्वतंत्र संस्थेने, वकिलाच्या उपस्थितीत घ्यायची असते. खासगी मालकांना आवर घालणारा अमेरिकेसारखा खास कायदा मात्र आपल्याकडे नाही. कार्यालयातल्या चोरीनंतर व्यवस्थापनाने 'स्वेच्छेने' चाचणी देण्याचा आग्रह धरला, तर त्या स्वेच्छेत नोकरी गमावण्याची भीती किती मिसळलेली आहे हा प्रश्न उरतोच. आणि चाचणीला नकार दिला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. गप्प राहण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे.

याज्ञवल्क्याने खोटे बोलणाऱ्याची लक्षणे सांगितली, हे वर आलेच आहे. त्यावर विज्ञानेश्वराने लिहिलेली 'मिताक्षरा' ही टीका महाराष्ट्राला वारसाहक्काच्या कायद्यामुळे परिचित आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या या टीकेत त्या श्लोकांखाली एक इशारा आहे. या लक्षणांवरून दोषाची केवळ शक्यता वर्तवता येते, दोष निश्चित करता येत नाही. कारण माणसाच्या अंगात स्वभावतःच असलेला विकार कोणता आणि प्रसंगामुळे उद्भवलेला कोणता, हे ओळखणे कठीण असते. माणूस मरणार अशी लक्षणे दिसली म्हणून शहाणे लोक त्याचे अंत्यसंस्कार उरकून घेत नाहीत, असा दाखलाही विज्ञानेश्वराने दिला आहे. नळ्या, पट्टे आणि संगणक आल्यानंतरही या इशाऱ्यातला एकही शब्द बदलण्याची गरज पडलेली नाही. आलेखावरची उंच रेघ चौकशीची सुरुवात असू शकते. निकाल द्यायचा तो पुराव्यानेच.